‘नालवाडी’ला घरे किती?

नालवाडी हे वर्धा शहराला खेटून असलेले गाव. कागदावर लिहिले तर नावाची अक्षरे चार: ना, ल, वा, डी. पहिलीतले पोरही बोटांवर मोजून चार म्हणेल. हेच नाव संगणकाच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलवर, उमटवायचे झाले की हिशेब बिघडतो. युनिकोडच्या लेखी ती सात चिन्हे आहेत: न, काना, ल, व, काना, ड आणि दुसरी वेलांटी. साठवायला लागतात २१ बाइट, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. आणि पडद्यावर हे नाव जागा किती अडवते? एखाद्या टर्मिनलवर चार घरे, दुसऱ्यावर सात.

टर्मिनलचा पडदा चौकटीच्या वहीसारखा घरांमध्ये विभागलेला असतो. जुन्या पडद्यावर ८० घरांच्या २४ ओळी मावत. इंग्रजीचे एक अक्षर एका घरात बसते, त्यामुळे अक्षरे मोजली की रुंदी कळते. देवनागरीत तसे होत नाही, आणि त्याचा फटका बसतो तो शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवलेली साधी फाइल. सर्व्हरवरचा रात्रीचा बॅकअप, नोंदींची छाननी, रोजचा अहवाल अशी कामे तिच्यावर सोपवलेली असतात. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पामुळे लिनक्स आणि बॅश शेलचे धडे मराठीतूनही मिळतात, तेव्हा असा अहवाल मराठीत छापावा असे एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात येणे साहजिकच.

समजा त्याने वर्धा जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांचा तक्ता छापायला घेतला. पहिल्या रकान्याला रुंदी दिली ३०. बॅशमधली ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा ही रुंदी बाइटमध्ये मोजते. ‘हिंगणघाट’चे बाइट २४, म्हणून ती पुढे सहा मोकळ्या जागा सोडते. ‘सेलू’चे १२, म्हणून १८ जागा. ‘समुद्रपूर’चे २७, म्हणून फक्त तीन. रूढ नियमाने ही नावे पडद्यावर अनुक्रमे सात, दोन आणि सहा घरे घेतात. परिणामी दुसरा रकाना एका ओळीत चौदाव्या घरापासून सुरू होतो, दुसरीत एकविसाव्या, तिसरीत दहाव्या. तक्ता उतरंड कोसळल्यासारखा दिसतो, आणि बिचारा विद्यार्थी फॉन्टला दोष देत बसतो.

रूढ नियम म्हणजे काय, तेही पाहण्यासारखे आहे. केंब्रिजचे मार्कुस कून यांनी लिहिलेले रुंदी मोजण्याचे एक छोटेसे फंक्शन अनेक टर्मिनलांनी उचलले. युनिकोडने चिन्हांची जी वर्गवारी केली आहे, तिच्यावर ते चालते. मात्रा, उकार, अनुस्वार आणि पायमोड ही चिन्हे अक्षराच्या वर किंवा खाली बसतात, म्हणून त्यांची रुंदी शून्य. काना, दोन्ही वेलांट्या आणि विसर्ग अक्षराच्या बाजूला बसतात, म्हणून त्यांना एकेक घर. त्यामुळे ‘सेलू’ दोन घरांत आटोपते आणि ‘नालवाडी’ सात घरे मागते. ‘आर्वी’चा प्रकार आणखी गमतीचा. या नियमाने तिला चार घरे, पण वाचणाऱ्याला अक्षरे दिसतात दोनच. काही टर्मिनले हा नियम मानतात. काही अख्खे जोडाक्षर एक घटक धरून त्याची रुंदी ठरवतात. स्क्रिप्ट कोणत्या टर्मिनलवर चालणार आहे, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला आधी ठाऊक नसते.

यावर उपाय आहे, आणि तो बराच जुना आहे. अंदाज बांधत बसायचे नाही, टर्मिनललाच विचारायचे.

ते असे. ओळीच्या सुरुवातीला नाव छापायचे आणि लगेच टर्मिनलकडे एक नियंत्रण क्रम पाठवायचा: एस्केप, डावा चौकोनी कंस, ६ हा आकडा आणि लहान ‘एन’. ही चार चिन्हे पडद्यावर दिसत नाहीत. त्यांचा अर्थ, ‘कर्सर कुठे आहे?’ टर्मिनल उत्तर देते: एस्केप, चौकोनी कंस, ओळीचा आकडा, अर्धविराम, घराचा आकडा आणि शेवटी मोठा ‘आर’. घराचा आकडा आठ आला, तर ‘नालवाडी’ने सात घरे घेतली. पाच आला, तर चार. इथे युनिकोडचे कोष्टक लागत नाही आणि कोणत्याही सॉफ्टवेअर लायब्ररीची आवृत्ती तपासावी लागत नाही. ज्याने नाव रेखाटले, तोच ते किती जागेत रेखाटले हे सांगतो.

पलीकडच्या यंत्राला प्रश्न विचारायची ही रीत टेलेक्सच्या काळापासूनची आहे. वर्तमानपत्रे, बँका आणि मोठ्या पेढ्या टेलेक्सवर विसंबून असत, तेव्हा संदेश पाठवण्याआधी ‘तुम्ही कोण?’ अशा अर्थाची एक कळ दाबायची पद्धत होती. पलीकडच्या यंत्रात एक छोटा ढोल बसवलेला असे. तो फिरे आणि त्या यंत्राचा ठरलेला क्रमांक व नाव आपोआप इकडच्या कागदावर उमटे. तिथे माणूस हजर असायची गरज नसे. संदेश संपल्यावर पुन्हा तीच कळ दाबत, म्हणजे जोडणी मध्येच तुटली नव्हती याची खात्री होई. संगणकाच्या आस्की संकेतावलीत हा प्रश्न पाचव्या क्रमांकावर जसाच्या तसा येऊन बसला.

तो अजून जिवंत आहे, आणि अधूनमधून लोकांना घाबरवतो. विंडोजच्या संगणकावरून लिनक्स सर्व्हरला जोडणी करण्यासाठी ‘पुट्टी’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम सर्रास वापरला जातो. त्यात एखादा नवखा कर्मचारी चुकून चित्राची किंवा झिप केलेली फाइल मजकुरासारखी पडद्यावर उघडतो. अगम्य चिन्हांचा धो धो पाऊस पडतो, तो थांबतो, आणि आज्ञेच्या ओळीवर ‘पुट्टीपुट्टीपुट्टी’ असे आपोआप टंकलेले दिसते. संगणकात व्हायरस शिरला, असे त्याला वाटते. घडलेले असते एवढेच, की त्या फाइलमध्ये पाच क्रमांकाचा बाइट तीनदा आला. पुट्टीने टेलेक्सच्या इमानदारीने तीनदा आपले नाव सांगितले, आणि शेलला वाटले की ते कळफलकावरून आले.

सध्याच्या नियंत्रण क्रमांचा पाया घातला तो अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या टर्मिनलांनी. त्यांचे व्हीटी १०० हे यंत्र १९७८ साली बाजारात आले. एस्केप, चौकोनी कंस आणि लहान ‘सी’ पाठवले की ते आपली ओळख सांगे: एस्केप, कंस, प्रश्नचिन्ह, १, अर्धविराम, २, ‘सी’. यातला १ हा यंत्राचा वर्ग आणि २ म्हणजे प्रगत चित्रपटलाची जोड बसवलेली आहे. आजचे कोणतेही बरे टर्मिनल या प्रश्नाला उत्तर देते, मग ते लिनक्सवरचे असो, मॅकवरचे किंवा फोनवरचे. लिनक्सचा मूळ काळा पडदा अजूनही नुसते ६ सांगतो, म्हणजे ‘मी व्हीटी १०२’. ते यंत्र आता संग्रहालयातच बघायला मिळेल. त्याची ओळख मात्र चालू आहे.

याच सुमारास दुसरी वाटही निघाली. बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा संपादक लिहिताना वेगवेगळ्या टर्मिनलांच्या क्षमतांची एक यादी केली. ती ‘टर्मकॅप’. पुढे तिच्या जागी ‘टर्मइन्फो’ आली. ‘टर्म’ या चलामध्ये आपल्या टर्मिनलचे नाव लिहायचे, मग ‘टीपुट’सारखी आज्ञा यादीत पाहून कोणता क्रम पाठवायचा ते सांगते. रंग, ठळक अक्षरे, पडदा पुसणे यांसाठी ही वाट चांगली आहे आणि स्क्रिप्टने आधी तिनेच जावे. अडचण अशी, की आज बहुतेक टर्मिनले स्वतःचे नाव ‘एक्सटर्म-२५६कलर’ असेच सांगतात. कारण दुसरे नाव सांगितले तर लांबच्या सर्व्हरवरच्या यादीत ते सापडेलच याची खात्री नसते. शंभर उमेदवारांनी एकाच नावाने अर्ज भरावा, तसे हे झाले. आणि ‘र्वी’ किती घरांत बसवता, हा रकाना त्या अर्जात मुळातच नाही.

भारतीय लिप्यांच्या वाट्याला टर्मिनल आले ते पुण्याच्या वाटेने. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी टर्मिनलवर काम सुरू झाले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था स्थापन झाली आणि ते काम तिथे आले. तिचे पहिले प्रमुख विजय भटकर हे मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. सी-डॅकच्या महासंगणकाच्या बातम्यांत झाकली गेली तरी मोहन तांबे यांच्या गटाची ‘जिस्ट’ ही प्रणाली सर्वसामान्यांसाठी कदाचित जास्त मोलाची होती. जिस्टची कार्डे साध्या पीसीत बसत आणि जिस्टची टर्मिनले मोठ्या संगणकांना जोडली जात. संगणकाच्या पोटात जायचा तो फक्त उच्चाराच्या क्रमाने लिहिलेला मजकूर. जोडाक्षर घडवणे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवणे, रफार डोक्यावर चढवणे ही सगळी अक्कल टर्मिनलच्या बाजूला असे.

त्यातूनच ‘इस्की’ ही संकेतावली १९९१ साली भारतीय मानक झाली. तिच्यातली एक सोय आजही कौतुक करावे अशी आहे. सगळ्या भारतीय लिप्यांतल्या ‘क’ला एकच संकेत. मजकुराच्या आधी २३९ क्रमांकाचा बाइट आणि त्यामागे मोठा ‘बी’ दिला की अक्षरे देवनागरीत उमटत. ‘बी’च्या जागी ‘जे’ दिला की तोच मजकूर गुजरातीत. ठळक, तिरपे, अधोरेखित यांसाठीही हाच बाइट आणि त्यामागे वेगळे चिन्ह. म्हणजे हाही नियंत्रण क्रमच, खास आपल्या गरजेचा. पण तो एकतर्फी हुकूम होता. ‘तुला कोणत्या लिप्या येतात?’ असे विचारायची सोय त्या मानकात नव्हती. युनिकोडने देवनागरीची मांडणी करताना इस्कीचाच आधार घेतला. ‘नालवाडी’ची सात चिन्हे होतात, त्याचे मूळ तिथे आहे.

वर्ध्याच्या परिसराला लिपी आणि यंत्र यांची ओढाताण नवी नाही. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. समितीच्या छपाईत ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशी रूपे वापरली जात, म्हणजे अ लाच वेलांट्या-उकार लावून बाकीचे स्वर लिहायचे. खिळे कमी लागावेत, टंकयंत्र सोपे व्हावे, हा त्यामागचा एक हिशेब. काकासाहेब कालेलकर या सुधारणेचे मोठे पुरस्कर्ते. यंत्राच्या सोयीसाठी लिपीला मुरड घालायचा तो प्रयत्न टिकला नाही. पडद्यावर यंत्राला मुरड घालता येते, हे जिस्टने दाखवले.

पुन्हा स्क्रिप्टकडे वळू. टर्मिनलला प्रश्न विचारणे सोपे आहे. उत्तर नीट झेलणे अवघड. टर्मिनलचे उत्तर कळफलकाच्याच वाटेने येते. टंकणाऱ्याची अक्षरे आणि टर्मिनलचे उत्तर यांत शेलला फरक कळत नाही. म्हणून स्क्रिप्टने आधी ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने सध्याची मांडणी जपून ठेवावी, मग आलेली अक्षरे पडद्यावर उमटणे बंद करावे आणि एंटर दाबण्याची वाट न पाहता प्रत्येक अक्षर लगेच मिळेल असे करावे. वाट पाहण्याची मर्यादाही तिथेच घालता येते. ती सेकंदाच्या दशांशात असते, म्हणजे ५ लिहिले की अर्धा सेकंद. मग प्रश्न पाठवायचा, तोही थेट ‘डेव्ह-टीटीवाय’कडे, म्हणजे टर्मिनलकडेच, कारण स्क्रिप्टचा मजकूर फाइलमध्ये वळवलेला असू शकतो. एस्केपचा संकेतांक २७, पण शेलमध्ये तो उलट्या तिरप्या रेघेनंतर ०३३ असा लिहितात, कारण तिथे अष्टमान पद्धत चालते. ‘रीड’ आज्ञेला मोठा ‘आर’ येईपर्यंत वाचायला सांगायचे आणि शेवटी जपून ठेवलेली मांडणी परत बसवायची. मधेच कुणी कंट्रोल-सी दाबले तरी ती परत बसेल, अशी ‘ट्रॅप’ लावणे विसरू नये. नाहीतर स्क्रिप्ट संपल्यावर टंकलेले काहीच दिसेनासे होते.

अर्धा सेकंद पुरेल का? स्वतःच्या लॅपटॉपवर भरपूर. पण स्क्रिप्ट परदेशातल्या सर्व्हरवर आणि टर्मिनल वर्ध्यात असले, तर प्रश्न समुद्राखालून येतो आणि उत्तर त्याच वाटेने परत जाते. उशिरा आलेले उत्तर मग स्क्रिप्ट संपल्यावर आज्ञेच्या ओळीवर कचऱ्यासारखे पडते: एक टोपीचे चिन्ह, दोन कंस, आकडे, ‘आर’. हा कचरा पुष्कळांनी पाहिलेला असतो, त्याचे कारण फार थोड्यांना माहीत असते.

दुसरा पेच असा, की टर्मिनलला प्रश्न कळलाच नाही तर ते गप्प बसते. ‘नाही’ म्हणत नाही. मग थांबायचे तरी किती? यावरची युक्ती झकास आहे. हवा तो प्रश्न विचारून त्याच्या पाठोपाठ ओळखीचा जुना प्रश्न, तो लहान ‘सी’चा, विचारायचा. उत्तरे विचारल्या क्रमानेच येतात. ओळखीचे उत्तर आधी आले, तर पहिला प्रश्न टर्मिनलला समजलाच नाही. पंगतीत ताक आले की जिलबीची वाट पाहायची नसते, तसेच. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने लिहिलेल्या ‘किटी’ टर्मिनलच्या दस्तऐवजांत, कळफलकाच्या नव्या सोयी आहेत का हे तपासायला हीच रीत सांगितली आहे.

टर्मिनलला आणखीही बरेच विचारता येते. पार्श्वभूमीचा रंग कोणता, म्हणजे गडद पडद्यावर गडद निळी अक्षरे छापायचा मूर्खपणा टळतो. चित्रे दाखवता येतात का: ओळखीच्या उत्तरात ४ हा आकडा असेल तर ‘सिक्सेल’ पद्धतीची चित्रे चालतात. मराठीच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र २०२७ क्रमांकाच्या पर्यायाचा. ‘कॉन्टूर’ या टर्मिनलच्या बाजूने पुढे आलेला हा पर्याय चालू असला की टर्मिनल सुटी चिन्हे न मोजता जुळलेली अक्षरे एकेक घटक म्हणून मोजते. एस्केप, कंस, प्रश्नचिन्ह, २०२७, डॉलर आणि लहान ‘पी’ असा प्रश्न पाठवला की उत्तरात एक आकडा मिळतो: शून्य म्हणजे ‘हे काय ते माहीत नाही’, १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद पण चालू करता येईल.

हे सगळे वाचून कुणी प्रत्येक नावासाठी टर्मिनलला विचारत सुटेल, तर तेही बरोबर नाही. नुसता तक्ता सरळ हवा असेल, तर मोजायची गरजच नाही. नाव छापावे आणि एस्केप, कंस, २०, मोठा ‘जी’ पाठवावा. कर्सर थेट विसाव्या घरात जाऊन बसतो, आधीचे नाव दोन घरांचे असो की सात. आठ तालुक्यांचा तक्ता एवढ्यावर सरळ होतो. मोजणी लागते ती नाव रकान्यात मावेल का हे ठरवताना, चौकट आखताना किंवा मजकूर मधोमध बसवताना. आणि तक्ता फाइलमध्ये जाणार असेल तर यातले काहीच उपयोगाचे नाही, कारण फाइलला कर्सर नसतो. रात्री ‘क्रॉन’ या वेळापत्रकाने आपोआप चालवलेल्या स्क्रिप्टपुढे टर्मिनलच नसते. म्हणून ‘समोर टर्मिनल आहे का?’ ही तपासणी सगळ्यात आधी करावी.

उत्तरावर आंधळा विश्वासही नको. २००३ साली सुरक्षा संशोधक एच. डी. मूर यांनी टर्मिनलांतल्या अशा कच्च्या दुव्यांची जंत्रीच प्रसिद्ध केली. खिडकीच्या शीर्षकात हवा तो मजकूर भरायचा, मग टर्मिनलला शीर्षक विचारायचे. उत्तर आज्ञेच्या ओळीवर येऊन पडते, आणि वापरणाऱ्याने एंटर दाबले की परक्याची आज्ञा चालते. नुसती एक फाइल वाचायला उघडली एवढेच निमित्त. तेव्हापासून शीर्षक सांगण्याची सोय बऱ्याच टर्मिनलांत मुळातच बंद ठेवतात. स्क्रिप्टने आलेल्या उत्तरातले फक्त आकडे घ्यावेत, बाकी फेकून द्यावे. एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणारा ‘टीमक्स’ हा प्रोग्राम मधे असेल तर उत्तर देतो तो टीमक्स, मागचे खरे टर्मिनल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

टर्मिनले लिहिणारे बहुतेक लोक मराठी वाचत नाहीत. ‘आर्वी’ मोडकी दिसते हे त्यांना कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसे? यातली बरीच टर्मिनले मुक्त स्रोत आहेत आणि दुरुस्तीच्या सूचना घेतात. तेव्हा तक्ता वाकडा दिसला तर नुसते चित्र पाठवू नये. एस्केप, कंस, ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि लहान ‘क्यू’ पाठवावा. अनेक टर्मिनले आपले नाव आणि आवृत्ती सांगतात. ती, बिघडलेला शब्द आणि त्या शब्दानंतर कर्सरने सांगितलेला घराचा आकडा, एवढे तीनच तपशील लिहून कळवावेत. दुरुस्त करणाऱ्याला मराठी येत नसली तरी तेवढ्यावर त्याचे काम भागते.